पदवीच्या उंबरठ्यावरचा एक पेपर

मागच्या दिवाळींत भाऊबिजेसाठीं आम्ही अमरावतीहून अकोल्यास धाकट्या बहिणीकडे गेलों होतों. हा प्रवास आम्हांला नवा नाहीं. बडनेऱ्यास गाडींत बसावें, कुरूम, मूर्तिजापूर, बोरगांव अशीं ओळखीचीं स्टेशनें मोजावीं आणि बरोबरचा डबा उघडण्याचें काम पडण्यापूर्वींच भाच्याच्या दारांत उभें राहावें, असा वर्षानुवर्षांचा क्रम आहे. ओवाळणें झालें, फराळ झाला, मंडळी दुपारीं अंमळ आडवी झाली. तेव्हां आमची भाचेसून एक जुनी कापडी पिशवी घेऊन समोर येऊन बसली. पिशवींत तिच्या बी. ए. च्या गुणपत्रिका होत्या. घड्या पडून कडा फाटलेल्या, पण क्रमानें लावून दोऱ्यानें बांधलेल्या.

"मामा, सगळें झालें आहे. एकच राहिलें आहे," ती म्हणाली.

राहिलें होतें तें सक्तीचें इंग्रजी. शेवटच्या वर्षाला असतांना २०११ सालीं तिचें लग्न झालें. पुढें दोन बाळंतपणें, सासऱ्यांचें आजारपण आणि संसाराचा रामरगाडा यांत तीन वेळां ती त्या पेपरास बसली आणि तिन्ही वेळां परत आली. व्याकरणाचे प्रश्न कसेबसे सुटत. निबंध, पत्र आणि उताऱ्याचा सारांश आला कीं गाडें रुते. आतां ती एका बालवाडींत शिकविते. तेथील बाईंनीं तिला स्पष्ट सांगितलें होतें कीं, पदवी पुरी झाली तर पुढें बी. एड्. करतां येईल आणि वरच्या वर्गांवर घेतां येईल. नाहीं तर आहे त्या पगारावर आहे तेथेंच राहावें लागेल. जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा आणखी किती वेळां होईल याचाही भरंवसा नव्हता. भाच्याचें म्हणणें, "आतां या वयांत कशाला?" बहिणीचें म्हणणें अधिक खोल होतें. ती म्हणाली, "दादा, ही मुलांना मराठींत गाणीं शिकविते, गोष्टी सांगते. इंग्रजी निबंधावांचून तिचें काय अडलें आहे?"

हा प्रश्न आम्ही त्या दिवशीं उत्तर न देतां खिशांत घालून ठेविला. वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं, माळ्यावर किंवा कपाटाच्या तळाशीं, अशी एखादी पिशवी असेल अशी आमची खात्री आहे. हल्लींचीं मुलें तिला 'बॅक राहिला' असें म्हणतात. शब्द विनोदी आहे. परंतु एका पेपरानें अडलेलीं माणसें आम्हीं पुष्कळ पाहिलीं आहेत, आणि त्यांत हंसण्यासारखें फारसें कांहीं नसतें.

भाषेचा पेपर सक्तीचा असावा कीं नसावा, आणि असल्यास कोणत्या भाषेचा असावा, हा वाद आपल्याकडे विद्यापीठांइतकाच जुना आहे. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील विद्यापीठें १८५७ सालीं स्थापन झालीं. मुंबईच्या पहिल्यावहिल्या परीक्षांत मराठीसारख्या देशी भाषांना स्थान होतें. पण थोड्याच वर्षांत वरच्या परीक्षांतून त्यांना निरोप मिळाला आणि अभिजात भाषा तेवढ्या उरल्या. १८६२ सालीं त्या विद्यापीठाचे जे पहिले पदवीधर बाहेर पडले त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. न्यायमूर्ति रानडे यांनीं पुढें मराठीला विद्यापीठांत परत आणण्याची खटपट चिकाटीनें चालविली. त्यांचा देह १९०१ च्या जानेवारींत पडला, आणि त्याच सुमारास एम्. ए. च्या परीक्षेंत मराठीचा शिरकाव झाला. कलकत्त्यास सर आशुतोष मुखर्जी कुलगुरु असतांना १९०६ च्या नियमांनीं देशी भाषेंतील निबंधलेखन पदवीपर्यंत आवश्यक ठरलें. म्हणजे पदवीधरास निदान आपल्या भाषेंत चार पानें नीट लिहितां आलीं पाहिजेत, ही अपेक्षा आजची नव्हे.

आपल्या वऱ्हाडापुरतें बोलावयाचें तर नागपूर विद्यापीठ १९२३ सालीं झालें आणि त्याच वर्षीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें. तेंच पुढें विदर्भ महाविद्यालय म्हणून नांवारूपास आलें. अमरावती विद्यापीठ १ मे १९८३ रोजीं स्वतंत्र झालें. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम हे पांच जिल्हे आज त्याच्याकडे आहेत, आणि २००५ सालापासून तें संत गाडगे बाबांच्या नांवानें ओळखलें जातें. ज्या महापुरुषानें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं त्याचें नांव विद्यापीठाला लाभावें, यांत आम्हांला विसंगति दिसत नाहीं. जेवणाचें ताट मोडा, भाकरी हातावर घेऊन खा, पण मुलांना शिकवा, असें गांवोगांव सांगत फिरणाऱ्या त्या पुरुषास शिक्षणाची किंमत ज्यांना ती सहज मिळाली त्यांच्याहून अधिक ठाऊक होती. आणि आमच्याच जिल्ह्यांत रिद्धपूर आहे. श्रीगोविंदप्रभूंच्या त्या गांवीं तेराव्या शतकांत म्हाइंभटांनीं लीळाचरित्राच्या आठवणी संकलित केल्या. मराठी गद्याचा तो आद्य ग्रंथ. त्या रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठाचें काम २०२४ सालीं सुरू झालें. सातशें वर्षांपूर्वीं जेथें माणसें कान देऊन ऐकत होतीं आणि ऐकलेलें जसेंच्या तसें लिहून ठेवीत होतीं, त्या प्रदेशांतल्या मुलांना आज एक पान स्वतःचें लिहितां येऊं नये, याचें वैषम्य वाटल्यावांचून राहत नाहीं.

लेखनाची परीक्षा ही आपल्याच देशाची डोकेदुखी आहे असें मात्र नाहीं. चीन देशांत कित्येक शतकें सरकारी अधिकारी निबंधाच्या परीक्षेनें निवडीत. पुढें तो निबंध इतका ठराविक साच्याचा झाला कीं विचार गेला आणि सांचा तेवढा उरला. १९०५ सालीं ती पद्धति बंद झाली. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठानें १८७४ सालीं प्रवेशपरीक्षेंत इंग्रजी लेखन घातलें, कारण ज्यांची मायबोली इंग्रजी त्यांनाही तें धड लिहितां येत नाहीं अशी तेथल्या गुरुजनांची तक्रार होती. कॅलिफोर्नियांतील राज्य विद्यापीठानें १९७६ पासून असा नियम केला कीं, लेखनाची कसोटी उतरल्यावांचून पदवी मिळावयाची नाहीं. पुढें परीक्षेच्या जोडीस लेखनाचा वर्ग पुरा करण्याची सोयही पुष्कळ ठिकाणीं झाली. आपल्याकडे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेंत भारतीय भाषेचा ३०० गुणांचा एक पेपर असतो. त्याचे गुण अंतिम यादींत धरीत नाहींत; पण त्यांत निदान २५ टक्के न मिळाले तर बाकीचे पेपर जमेस धरले जात नाहींत. उंबरठा एवढासाच, पण ओलांडल्यावांचून घरांत जातां येत नाहीं, अशांतला प्रकार.

आतां आमची स्वतःची गोष्ट सांगणें भाग आहे. कारण दुसऱ्यास उपदेश करणाऱ्यानें आपली पाटी आधीं दाखवावी.

आम्ही मॅट्रिक. जुन्या अकरावीच्या परीक्षेंत १९७४ सालीं उत्तीर्ण झालों, डी. एड्. झालों आणि मास्तरकी पत्करली. तेव्हांपासून २०१६ पर्यंत हातांत खडू होता. संस्कृत वडिलांकडे आणि पुढें एका शास्त्रीबोवांकडे शिकलों. नोकरींत असतांना बाहेरून बी. ए. ला बसलों. संस्कृत सुटलें, मराठी सुटलें, इतिहासही सुटला. सक्तीच्या इंग्रजीनें मात्र आम्हांलाही तीन वेळां हात जोडले. तिसऱ्या खेपेची हकीकत अशी. 'पावसाळ्यांतील एक दिवस' हा इंग्रजी निबंध आम्हीं स्वल्पविरामांसकट पाठ केला होता. प्रश्नपत्रिकेंत आला रेल्वेचा प्रवास. आम्हीं लिहिलें कीं, आम्ही गाडींत बसलों, तो दिवस पावसाळ्याचा होता. आणि तेथून पुढें सबंध पावसाळा उतरवून दिला. गाय झाडाला बांधून झाडाचा निबंध लिहिणाऱ्या मुलाची गोष्ट वाचकांनीं ऐकली असेल. आम्हीं ती करून दाखविली. परीक्षकानें न्याय केला. त्यानंतर प्रपंच वाढला आणि आम्ही तो नाद सोडून दिला. विचारणाऱ्यास 'वेळ मिळाला नाहीं' असें सांगत आलों. तें अर्धेंच खरें होतें.

अशा माणसानें भाचेसुनेला इंग्रजी शिकवावें हें तसें धाडसच. पण ती केवळ भाचेसून नाहीं. आमच्या शाळेच्या गांवचीच मुलगी, सातवींत आमच्या हाताखालीं शिकलेली. तिनें एवढ्या विश्वासानें पिशवी पुढें केल्यावर नाहीं म्हणवेना. आम्ही मुक्काम आठ दिवस वाढविला. पहिल्या दिवशीं तिला म्हटलें, "पाणीटंचाई या विषयावर इंग्रजींत एक पान लिहून आण. चुका होऊं देत."

संध्याकाळीं तिनें पान आणलें. पाणी हें जीवन आहे. पाण्यावांचून मनुष्य जगूं शकत नाहीं. आपण पाण्याचा प्रत्येक थेंब वाचविला पाहिजे. असें तें सुरू झालें होतें आणि तसेंच संपलें होतें. अकोल्याचें नांव त्यांत नव्हतें. उन्हाळ्यांत महानच्या धरणांत किती पाणी राहिलें याची चौकशी ज्या गांवीं घरोघर होते, त्या गांवच्या बाईनें लिहिलेलें तें पान आहे, हें कोणाच्याही ध्यानांत आलें नसतें. आम्ही विचारलें, "हें कोठून घेतलेंस? गाइडांतून?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाहीं गुरुजी. सातवींत 'पाणी हेंच जीवन' हा निबंध तुम्हीच फळ्यावर लिहून दिला होता. पाठ म्हणवून घेतला होता. तोच इंग्रजींत केला."

लग्न झाल्यापासून ती आम्हांला मामा म्हणते. त्या क्षणीं मात्र तिच्या तोंडून जुना 'गुरुजी' निघाला. तिच्या बोलण्यांत तक्रारीचा लवलेश नव्हता. निबंध अजून आठवतो याचा थोडा आनंदच होता. म्हणूनच तें अधिक लागलें.

त्या रात्रीं आम्हांला लवकर झोंप आली नाहीं. एवढ्या वर्षांत आम्हीं किती निबंध फळ्यावर लिहून दिले? गाय, दिवाळी, माझी शाळा, पाणी, वृक्ष. वर्गांत साठ मुलें. साठ वह्या तपासावयाच्या तर रात्र पुरत नसे. तपासणीस यावयाचे, निकाल चांगला लागावा अशी वरून ताकीद असावयाची. एकच निबंध सर्वांनीं उतरविला म्हणजे वह्या स्वच्छ दिसत आणि मुलें उत्तीर्ण होत. हीं सगळीं कारणें खरीं होतीं. परंतु कारण खरें असलें म्हणजे दोष फिटतो असें नाहीं. ज्या सवयीनें आम्हांला रेल्वेंत पाऊस पाडावयास लावलें, तीच सवय आम्हीं पुढच्या पिढीच्या हातांत शिदोरी म्हणून बांधून दिली होती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्हीं तिला तें सांगून टाकलें. म्हटलें, "तो निबंध विसर. चूक आमची होती. आतां इंग्रजी बाजूला ठेव आणि नळाला पाणी यावयाच्या पाळीचा दिवस तुझ्या घरीं कसा जातो तेवढें मराठींत लिही. सुविचार एकही नको."

तिनें दीड पान लिहिलें, आणि तें आम्हीं दोनदां वाचलें. रात्रीं नळांतून आधीं वाऱ्याचा आवाज येतो. तो ऐकून सर्वांत अगोदर सासूबाई उठतात. पिण्याचें पाणी आधीं भरावयाचें, मग ड्रम, मग कूलरची टाकी. शेजारच्या आजींच्या घरीं कोणी नाहीं म्हणून त्यांच्या दोन कळशा आपल्याबरोबर भरावयाच्या. आणि सकाळीं बालवाडींत डोळे मिटूं लागतात. हें सगळें तिनें साध्या शब्दांत मांडलें होतें. बहिणीनें तें ऐकलें आणि म्हणाली, "हें सगळें तूं लिहिलेंस?" सुनेच्या अभ्यासाविषयीं तिनें आस्थेनें विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

येथून खरा अभ्यास सुरू झाला. आमची इंग्रजीची पुंजी अल्प. म्हणून आम्हीं आमच्याजवळ जें होतें तें वापरलें. वाचकांना उपयोग होईल म्हणून तें थोडक्यांत सांगतों.

संस्कृत शास्त्रग्रंथाच्या आरंभीं चार गोष्टी पाहण्याची रीत आहे, तिला अनुबंधचतुष्टय म्हणतात: विषय, प्रयोजन, अधिकारी आणि संबंध. निबंधाला बसण्यापूर्वीं कोऱ्या पानावर याच चार गोष्टी एकेका ओळींत लिहावयास सांगितल्या. कशाविषयीं लिहितों, कशासाठीं लिहितों, कोण वाचणार आहे, आणि या गोष्टी एकमेकींशीं कशा जुळतात. या चार ओळी सुचल्या नाहींत तर पुढचीं चार पानें सुचावयाचीं नाहींत.

वाक्य कशानें होतें, याचाही विचार शास्त्रकारांनीं केला आहे. आकांक्षा, योग्यता आणि संनिधि या तीन गोष्टी असतील तर शब्दांच्या समूहाला वाक्य म्हणावें. एका शब्दाला दुसऱ्याची अपेक्षा असली पाहिजे, त्यांचा अर्थ एकमेकांशीं जुळला पाहिजे आणि ते जवळजवळ असले पाहिजेत. इंग्रजी लिहितांना आपली फजिती बहुधा संनिधीपाशीं होते. कर्ता पहिल्या ओळींत, क्रियापद चौथ्या ओळींत, आणि मधें तीन 'कीं' व दोन 'जे'. तोंवर कर्ता एकवचनी होता कीं अनेकवचनी याचा विसर पडतो. म्हणून नियम केला कीं, एका वाक्यांत एकच क्रियापद. वाक्यें तुटक झालीं तरी चालतील, पण तीं उभीं राहिलीं पाहिजेत. जोडणी मागाहून.

सारांशाच्या प्रश्नाला मीमांसकांचीं सहा लिंगें कामास आलीं. एखाद्या ग्रंथाचें तात्पर्य काय हें ठरवितांना ते आरंभ व शेवट जुळतात का, कोणती गोष्ट पुनःपुन्हां आली, नवीन काय सांगितलें, त्याचें फळ काय, स्तुतीचा किंवा निंदेचा भाग कोणता, आणि युक्तिवाद कोणता, हें पाहतात. परीक्षेच्या उताऱ्याला हेंच लावावें. पहिलें आणि शेवटचें वाक्य आधीं वाचावें. जो शब्द वारंवार येतो त्याखालीं रेघ मारावी. उदाहरणें आणि अलंकार यांवर कंस घालावा, तो अर्थवाद, तो गाळावयाचा. युक्तिवाद तेवढा ठेवावा. उताऱ्याचा एक-तृतीयांश आपोआप हातीं राहतो. पूर्वीं ती उताऱ्यांतलीं मधलीं मधलीं वाक्यें उचलून लिहीत असे. ती रीत या एका युक्तीनें सुटली.

आठ दिवस झाले आणि आम्ही अमरावतीस परतलों. पुढें व्यवस्था अशी ठरली कीं, तिनें दर शनिवारीं एक पान लिहावें, त्याचें छायाचित्र मोबाइलवर पाठवावें, आणि रविवारीं सकाळीं आम्हीं दूरध्वनीवर तपासावें. कपाटांतून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला काढली. तिची धूळ झटकली तेव्हां आमच्याही मनावरची थोडी झटकली गेली. क्रियापदाला लागणारा 'एस' आणि नामापूर्वींचें उपपद हीं दोन भुतें मात्र आमच्यानें आवरेनात. तेव्हां तिची इंग्रजी शाळेंत शिकणारी मुलगी मदतीस आली. आईच्या पानांतले सुटलेले 'एस' लाल पेन्सिलीनें मोजावयाचें काम तिनें आनंदानें पत्करलें. पहिल्या पानांत एकवीस निघाले, होळीच्या सुमारास चार. आणि 'या वयांत कशाला' असें म्हणणारे आमचे भाचे रविवारीं चहा स्वतः करूं लागले. आम्ही त्यांना कांहीं म्हणालों नाहीं. चहा दूरध्वनीवरून प्यावयास मिळत नाहीं, एवढी तक्रार तेवढी केली.

उन्हाळ्यांत परीक्षा झाली. पहिलीं दहा मिनिटें नुसतें वाचावें, निबंधास चाळीस मिनिटें द्यावीं, शेवटचीं पंधरा मिनिटें फक्त चुका शोधण्यासाठीं राखावीं, असें ठरवून ती गेली. निबंधाचा विषय आला 'मोबाइल, शाप कीं वरदान'. गाइडांत त्यावर छापील निबंध आहे. तो तिनें वाचलेलाही नव्हता. तिनें लिहिलें तें सासूबाई संध्याकाळीं मोबाइलवर कीर्तन ऐकतात त्याविषयीं, आणि धाकट्या मुलाला त्याच मोबाइलापासून उठवितांना घरांत जो गोंधळ होतो त्याविषयीं. वाक्यें लहान, क्रियापदें जागच्या जागीं. आषाढांत निकाल लागला. १०० पैकीं ४८. गुण मिरविण्याजोगे नाहींत. पण पिशवींतली शेवटची जागा भरली. बहिणीनें शेजारी पेढे वाटले, आणि आजींकडे स्वतः नेऊन दिले.

आतां तो खिशांत ठेवलेला प्रश्न. इंग्रजी निबंधावांचून हिचें काय अडलें होतें? आमचें उत्तर असें आहे. बालवाडींतल्या कामांत तिचें कांहींही अडलें नव्हतें, आणि जी मराठींत इतकें चांगलें लिहूं शकते तिची पदवी केवळ परभाषेच्या एका पेपरानें चौदा वर्षें अडावी, हें आम्हांला आजही पटत नाहीं. लेखनाची कसोटी घ्यावयाची तर ती निदान एका बाजूनें विद्यार्थ्याच्या स्वतःच्या भाषेंतून घ्यावी. नव्या शैक्षणिक धोरणानें ही गोष्ट थोडी मानली आहे असें दिसतें. आपल्या राज्यांतल्या संलग्न महाविद्यालयांत तें धोरण २०२४-२५ पासून लागू झालें. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक आहेत, त्यांपैकीं ८ भाषेच्या कौशल्यासाठीं राखले आहेत आणि त्यांत इंग्रजीबरोबर आधुनिक भारतीय भाषेलाही जागा आहे.

परंतु कसोटीच नको, हें म्हणणें मात्र आम्हांला मान्य नाहीं. त्या पेपरानें तिला अडविलें हें जितकें खरें, तितकेंच हेंही खरें कीं, सहा महिने दर आठवड्यास एक पान लिहिल्यानें तिचें बोलणें बदललें, वाचणें बदललें, आणि घरांतला तिचा शब्द थोडा जड झाला. मनांतला विचार कागदावर ओळीनें मांडतां येणें ही शक्ति आहे. ती एका परीक्षेपुरती नाहीं. उत्तरांच्या चार पर्यायांपैकीं एकावर खूण करून मोठमोठ्या परीक्षा पार पडूं लागल्या तेव्हां या शक्तीची कोणास गरज नाहीं असें वाटूं लागलें होतें. राज्याच्या लोकसेवा आयोगानें २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा पुन्हां वर्णनात्मक केली, तेव्हां पुष्कळ तरुणांची धांदल उडाली ती यामुळेंच. आणि आतां तर निबंध लिहून देणारीं यंत्रें घरोघर आलीं आहेत. फळ्यावर निबंध लिहून देणाऱ्या आमच्यासारख्या मास्तराची जागा यंत्रानें घेतली, एवढाच त्याचा अर्थ. मुलगा उतरवून घेतो तें दोन्हीकडे सारखेंच.

दोष कसोटीचा नाहीं. शिकविल्यावांचून कसोटी घेण्याचा आहे. मुलाला वर्षभर जेवूं न घालतां वर्षाच्या शेवटीं तराजूंत बसवावें, तसें हें आहे. लेखन शिकवावयाचें तर कोणीतरी प्रत्येक पान वाचलें पाहिजे. महाविद्यालयांनीं तें करावें हें खरें. पण सुशिक्षित घरांतल्या वडीलधाऱ्यांनींही करण्यासारखें पुष्कळ आहे. आठवड्यांतून एकदां मुलाकडून एक पान लिहून घ्यावें, आणि विषय त्याच्या डोळ्यांपुढचा द्यावा. लिहिलेलें मोठ्यानें वाचावयास सांगावें. जेथें तो स्वतः अडखळेल तेथें चूक आहे असें समजावें. एका वेळीं दोनच चुका दाखवाव्या, एकवीस दाखवूं नयेत. आणि आपण स्वतः सांगून लिहून घेऊं नये. फारच मोह झाला तर खोलीबाहेर जावें. आम्ही हें अनुभवानें सांगत आहों.

आपल्या घरांतही कोणा लेकीसुनेची अशी पिशवी माळ्यावर असेल तर ती एकदां खालीं काढून पाहावी, एवढीच आमची विनंती. नियम बदललेले असतात, जुन्या अभ्यासक्रमाची संधी संपलेली असूं शकते. म्हणून आधीं विद्यापीठांत जाऊन चौकशी करावी, आणि तेथें वाट उरली नसेल तर नाशिकचें यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून अशाच मंडळींसाठीं आहे, हें ध्यानांत ठेवावें.

निकालाच्या दुसऱ्या दिवशीं भाचेसुनेचा दूरध्वनी आला. ती म्हणाली, "मामा, आतां तुमचा फॉर्म भरावयाचा." आम्ही वयाची सबब सांगितली. ती म्हणाली, "या वयांत कशाला, हें आमच्या घरीं आतां कोणी म्हणत नाहीं." आमच्या सौभाग्यवतीनें त्याच संध्याकाळीं कपाटांतून आमची जुनी गुणपत्रिका काढून टेबलावर ठेविली, ती तिनें इतकीं वर्षें जपून ठेविली आहे हें आम्हांला ठाऊक नव्हतें. फॉर्मचें अजून ठरलें नाहीं. तोंवर दर शनिवारीं एक पान इंग्रजी लिहितों आणि तें तपासणीसाठीं अकोल्यास जातें. गेल्या रविवारीं सुटलेले 'एस' नऊ निघाले.